नाशिकजवळच्या गावात राहायला आलोय. तिथल्या लहानशा मेथडिस्ट चर्चमध्ये जावं की दर रविवारी शहरात?

तुम्ही नगरकडचे, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतले. गावातल्या उपासनेला चाळीसेक माणसंच दिसली म्हणून मन घेत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी अशाच एका गावच्या मेथडिस्ट मंडळीत लहानाची मोठी झाले. माझं ऐकाल तर गावातच जा.

पंथाची काळजी करू नका. १९७० साली वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन सीएनआय झालं तेव्हा आमची मंडळी त्यात गेली नाही, आणि १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झालं. बाकी बाप्तिस्मा लहान मुलांनाही देतात, गीतं तीच, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तीच. आणि त्यांच्या पत्नी, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचं माहेर तर नाशिकजवळचंच, जलालपूरचं. प्रभूभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीत, मात्र मद्य नसतं, न आंबवलेला द्राक्षरस असतो. आमच्याकडे तो मंडळीतल्याच कुणाच्या तरी बागेतला असायचा.

एका गोष्टीची सवय करावी लागेल. आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, बिशप नेमतात आणि त्यांच्या बदल्या होतात. जीव लागलेले पाळकसाहेब सामान टेम्पोत भरून निघतात तेव्हा अख्खी मंडळी रडते. तरी मला ही पद्धत बरी वाटते, कारण चर्च एका माणसाचं होऊन बसत नाही.

चाळीस माणसांवरून अंदाज बांधू नका. तुम्ही कधी गेला होतात? ऑक्टोबर छाटणीत आणि पुढे द्राक्षतोडणीत आमचे बाक असेच रिकामे असतात.

गाव वाढतं तसं चर्चही बदलतं. माझ्या लहानपणी सगळी मंडळी चार-पाच भावक्यांची होती. मग शेतांचे प्लॉट झाले, गोंद्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांत काम करणारे भाडेकरू आले. हिंदीत उपासना घ्यायची का, यावर दोन वर्षं वाद चालला. शेवटी उपासना मराठीतच ठेवली आणि दोन गीतं हिंदी घेतली. मला ते योग्य वाटतं. आमच्या म्हाताऱ्यांना दुसऱ्या भाषेत प्रार्थना करता येत नाही.

पण नवी माणसं खरी आपली झाली ती हंगामाच्या सणाला. त्या दिवशी वेदीपुढे दुधी, कणसं, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेली कोंबडी असं सगळं अर्पण येतं आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एका आजीबाईंनी पदरात सहा गावठी अंडी आणली होती. बोली साठावरून सुरू झाली. कुणी दोनशेला घेऊन परत वेदीपुढे ठेवली, पुन्हा बोली, पुन्हा परत. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून, वर्षभर कुणाशी न बोललेला कंपनीतला एक मुलगा मोठ्यानं म्हणाला, "सातशे!" अंडी घेतली आणि आजींच्याच हातात नेऊन दिली. आजींनी त्याला नाव विचारलं. वर्षभरात ते आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. आजही मला त्याची लाज वाटते. पुढच्या रविवारपासून तो आजींच्या शेजारी बसू लागला.

तेव्हा पुढच्या रविवारी जा, पण शेवटच्या बाकावर बसू नका. उपासनेनंतर चहाला थांबा, पाळकसाहेबांना सलाम करून आपण कुठले ते सांगा. जुन्या मंडळीकडून सभासदत्वाचं पत्र मागवून ठेवा, पुढे मुलांचं दृढीकरण (कन्फर्मेशन) किंवा लग्नाच्या वेळी धावपळ होत नाही. मुलांना शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, पहिल्याच दिवशी बसवा. तिथे शिकवायला माणसं कमी असतात, आणि आठवडाभरात तुम्हालाच विचारणा होईल. हो म्हणा.