वर्कशॉपची पत्रपेटी: पार्टिंग, टेपर (एका टोकाला जाड येणारा बार), तुटलेले टॅप आणि एक-दोन किरकोळ सवाल

प्रश्न: सर, माझा छोटा बेंच लेथ आहे. २० मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) बारमधून वॉशर कापायला घेतले की पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करायचं ब्लेड) आधी गुणगुणतं, मग किंचाळतं आणि मग खाडकन अडकतं. तीन ब्लेड गेली. स्पीड कमी केला, फीड (टूल आत ढकलायचा वेग) एकदम हळू केला तरी तेच. लेथ हलका पडतोय का, मोठा घेऊ का?

थांबा, घाई करू नका. मोठ्या लेथवरही हेच होईल, फक्त आवाज मोठा येईल.

पार्टिंग टूल त्याच्या पूर्ण रुंदीने चावत असतं, साध्या टर्निंगला (बारचा व्यास उतरवताना) टोकाचा जेमतेम कोपरा चालतो, त्यामुळे मशीनमधे कुठेही ढिलेपणा असेल तर टर्निंगला तो खपून जातो आणि पार्टिंगला उघडा पडतो. म्हणून आधी हलतंय काय ते शोधायचं. टूलपोस्टमधे (टूल धरायच्या ठोकळ्यात) बसवलेल्या टूलच्या टोकाला डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) टेकवा आणि टूल हाताने वर-खाली जोर लावून ढकलून बघा, काटा सरकून परत येतो का ते. मी स्वतः कित्येक महिने ब्लेडच बदलत बसलो होतो, या कंपनीचं त्या कंपनीचं, आणि एक दिवस कट चालू असताना (टूलपासून लांब, बार धरून फिरणाऱ्या चकपासून आणखी लांब) कंपाउंडच्या, म्हणजे टूलपोस्टखालच्या छोट्या स्लाइडच्या, सांध्यावर बोट टेकवलं तर बोटाला झिणझिण्या. गिबचा, म्हणजे स्लाइड घट्ट बसवणाऱ्या पट्टीचा, एक स्क्रू ढिला होता. पाव फेरा आवळला आणि संपलं.

आता बाकीचं. कट चकच्या जॉजपासून (जबड्यांपासून) ५-६ मिमीवर घ्या, बार लांब बाहेर काढून टोकाला कापू नका. टूल गरजेपुरतंच बाहेर हवं, २० मिमी बारला १० मिमी आत जायचंय म्हणजे १२-१३ मिमी पुरे. सॅडल (बेडवर सरकणारा, टूल वाहून नेणारा भाग) लॉक करा, कंपाउंडचा गिब तेवढ्यापुरता घट्ट करा. टूल बारला बरोबर काटकोनात आहे का ते चकच्या तोंडाशी लावून बघा, तिरकं असेल तर ब्लेडची कड खाचेच्या भिंतीला घासते.

सेंटर हाइट, म्हणजे टूलचं टोक बारच्या मध्याच्या उंचीला आहे का, हे बघायची सोपी पद्धत म्हणजे लेथ बंद ठेवून टूलचं टोक आणि गोल बार यांच्यामधे पातळ स्टीलची पट्टी हलकी दाबून धरायची. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. पॅकिंगला पातळ शिम (धातूची पत्री) घाला, पुठ्ठा नको, तो दबतो.

आणि तुमची खरी चूक बहुतेक इथे आहे: "फीड एकदम हळू केला". घाबरत घाबरत फीड दिला की टूल कापत नाही, नुसतं घासतं, दाब साचत जातो आणि मग एकदम आत घुसतं. मांजराला आंजारल्यासारखं पार्टिंग करता येत नाही हो. फीड असा द्या की चिप अखंड गुंडाळी होऊन बाहेर येत राहील, पावडर पडायला लागली की समजा तुम्ही घासताय. स्पीड मात्र कमीच. हायस्पीड स्टीलच्या टूलने एमएसला टर्निंगचा कटिंग स्पीड मिनिटाला साधारण २५ मीटर धरतात, आरपीएम काढायला त्याला ३१८ ने गुणायचं आणि मिमीमधल्या व्यासाने भागायचं, म्हणजे तुमच्या बारला ४०० च्या आसपास आले. पार्टिंगला त्याच्या निम्मे, २०० ने सुरू करा. ब्रशने तेल सोडत राहा. खोल गेल्यावर चिप अडकायला लागली तर टूल बाहेर काढा, सॅडल सोडून किंचित बाजूला घ्या, परत लॉक करा आणि खाच थोडी रुंद करून मग पुढे जा. अजून एक, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचं (चकच्या समोरच्या आधाराचं) सेंटर लावून शेवटपर्यंत कापू नका, बार तुटायच्या वेळी दोन्हीकडून चिमटला जातो आणि ब्लेड घेऊन जातो.

एवढं करूनही जमलं नाही तर क्रॉस स्लाइडवर (टूल आत-बाहेर नेणाऱ्या स्लाइडवर) मागच्या बाजूला टूलपोस्ट बसवा आणि टूल उलटं लावा. पुढच्या टूलवर लोड आला की ते खाली वाकून जॉबमधे (कापायच्या तुकड्यात) आणखी रुततं, मागचं उलटं टूल लोड आल्यावर वर वाकतं आणि जॉबपासून लांब जातं, शिवाय चिप खाली पडते. लेथ नेहमीच्याच दिशेने फिरवायचा. हे महत्त्वाचं, कारण चक आट्यांवर बसणारा असेल तर उलटा फिरवून कट घेताना तो सुटून येऊ शकतो.

प्रश्न: १५० मिमी लांब टर्निंग केलं की टेलस्टॉककडच्या टोकाला व्यास ०.०६ मिमी जास्त भरतो. बार १२ मिमीचा, फक्त चकमधे धरलेला. टेलस्टॉक पुढे-मागे सरकवून बघितला, काही फरक नाही. लेथ खराब निघाला का?

टेलस्टॉक जॉबला लागलेलाच नाही तर त्याला सरकवून फरक पडणार कसा! चिडू नका, आपण सगळ्यांनीच हे केलंय.

१२ मिमीचा बार १५० मिमी लोंबकळत ठेवला तर तो टूलपासून लांब पळणारच, त्यामुळे तुमच्या ०.०६ मधलं बारचं वाकणं किती आणि लेथचा दोष किती हे आत्ता कळणारच नाही. आधी चाचणी नीट घ्या. २५-३० मिमीचा जाड बार चकमधे घट्ट धरा, १२०-१५० मिमी बाहेर. मधला भाग थोडा खाली उतरवून दोन टोकांना दोन कॉलर (जाड राहिलेले पट्टे) ठेवा. धारदार टूल लावून अगदी हलका कट, क्रॉस स्लाइडला हात न लावता एकाच सेटिंगवर आधी एका कॉलरवरून मग दुसऱ्या. मायक्रोमीटरने दोन्ही मोजा.

चकच्या बाहेरचं टोक अजूनही जाड आलं तर बहुतेक वेळा बेडला, म्हणजे लेथच्या लांब सांगाड्याला, पीळ बसलेला असतो. लेथ चांगला असतो, टेबल वाकडं असतं आणि बोल्ट आवळले की बेड टेबलासारखा होतो. टेलस्टॉककडच्या बाजूचा पुढचा, म्हणजे तुमच्याकडचा पाया थोडा उचलायचा, ०.१ मिमीची शिम घालून बोल्ट आवळा आणि परत कट घ्या. तिथे पुढची बाजू उचलली की बेडचं ते टोक किंचित मागे कलतं, टूल जॉबच्या मध्याकडे सरकतं आणि व्यास कमी होतो. टोक बारीक आलं तर उलटं, मागचा पाया उचला. व्यासातला फरक हा टूलच्या सरकण्याच्या दुप्पट असतो हे लक्षात असू द्या, ०.०६ म्हणजे टूल ०.०३ नेच चुकलंय. दोन-तीन फेऱ्यांत जमतं, एक संध्याकाळ जाते. टेलस्टॉकचं अलाइनमेंट त्याच्यानंतर, बार दोन सेंटरच्या मधे धरून. क्रम उलटा केलात तर दोन्ही चुका एकमेकींत मिसळतील आणि तुम्ही गोल गोल फिरत बसाल.

प्रश्न: एम३ चे (३ मिमी आटे पाडायचे) टॅप सारखे तुटतात. एक तर पितळेच्या सिलिंडर ब्लॉकमधे तुटून बसलाय, तासांचं काम वाया गेलं.

वाया गेलं नसेल, थांबा. आधी टॅप का तुटतात ते. एम३ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.५, म्हणून ड्रिल ३ वजा ०.५ म्हणजे २.५ मिमी, हे सगळ्या तक्त्यांत असतं आणि बरोबरही आहे, पण स्टीलमधे २.६ घेतलं तरी आटे पुरेसे भरतात आणि टॅपवरचा ताण बराच कमी होतो. दुसरं म्हणजे टॅप तिरका जाणं. बारीक टॅप पिळाने तुटतो त्याहून जास्त हाताच्या वाकड्या दाबाने तुटतो. भोक पाडलं त्याच पकडीत, जॉब न हलवता, ड्रिलच्या जागी टॅप चकमधे धरा आणि स्पिंडल हाताने फिरवा, मोटर बंद, प्लग काढलेला. अर्धा फेरा पुढे, चिप तुटेपर्यंत मागे. स्टीलला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल, पितळ कोरडंच चालतं.

आता अडकलेला तुकडा. जॉब पितळेचा आहे ही तुमची चांदीच समजा. स्टीलचा एखादा भाग जोडलेला असेल तर काढून ठेवा आणि ब्लॉक तुरटीच्या दाट कढत पाण्यात ठेवा. तुरटी टॅपचं स्टील हळूहळू खाते आणि पितळेला जवळजवळ हात लावत नाही. भोकातून बारीक बुडबुडे यायला लागले की काम सुरू झालं. एक दिवस लागेल किंवा जास्तही, पाणी गरम ठेवायचं, आटलं तर भर घालायची. मग तुकडा काळा भुसभुशीत होऊन सुईने टोकरला की निघतो. जॉब स्टीलचा असता तर हा उपाय सांगितलाच नसता.

प्रश्न: पितळेत पाडलेलं भोक मोठं करताना ड्रिल खेचलं जातं आणि जॉब हातातून उडतो.

जॉब हातात का आहे? व्हाइसमधे धरा, हे पहिलं. मग ड्रिलच्या दोन्ही कापणाऱ्या धारांना ऑइल स्टोनने समोरून बारीकसा सपाटपणा द्या, डोळ्याला जेमतेम चमक दिसेल एवढाच, म्हणजे ड्रिल स्क्रूसारखं आत न घुसता खरवडत जाईल. ही ड्रिलं पितळेसाठी वेगळ्या डब्यात ठेवा.

प्रश्न: तांब्याच्या छोट्या बॉयलरला पितळेचे बुश (आटे पाडलेल्या जोडणीच्या कड्या) चालतील का? घरात पितळ भरपूर आहे.

नको. गरम पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं, मागे भुसभुशीत तांबं उरतं, बाहेरून काहीच कळत नाही आणि आटे एक दिवस हातात येतात. बुश ब्राँझचे किंवा गनमेटलचे करा, जोड सिल्व्हर सोल्डरने. जुनी सिल्व्हर सोल्डरची कांडी कुणी दिली तर त्यात कॅडमियम नाही ना हे बघा, त्याचा धूर विषारी असतो.

वाफ करायच्या आधी पाण्याने टेस्ट. बॉयलर काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि हातपंपाने कामाच्या दुप्पट प्रेशर द्या, ५ बार (प्रेशरचं एकक) वर चालवणार असाल तर १०. पाणी दाबलं जात नाही म्हणून जोड फुटलाच तर नुसती चिळकांडी उडते, दाबलेल्या हवेने टेस्ट केली तर तोच जोड बॉम्बसारखा जाईल. पहिल्यांदा करत असाल तर टेस्टला जाणकार माणूस शेजारी हवाच.

प्रश्न: लेथवर काम करताना हातमोजे घालावेत का? चिप्सनी बोटं कापतात.

नाही. फिरत्या चकजवळ हातमोजे, फडकं, लांब बाही, अंगठी काहीही नको, एक धागा पकडला की हात मागोमाग जातो. चिप्स हाताने काढूच नका, जाड तारेचा एक हूक वाकवून घ्या, त्याला मूठ बसवा (बोट अडकेल अशी गोल कडी करू नका), आणि लेथ थांबवून ओढा. एमरी पेपर बोटाभोवती गुंडाळून पॉलिश करणारे पण बघितलेत मी, तो सपाट पट्टीला किंवा फाइलला लावून धरा. चकची चावी चकमधून काढल्याशिवाय हात सोडायचा नाही, माझ्या चावीला एक स्प्रिंग बसवलीय, सोडली की ती आपोआप बाहेर पडते.