शेवटच्या रांगेतल्या बाईसाठी

चि. पोरी,

तुझं सात पानी भाषण वाचलं. शिवरायांचा जयजयकार, १ नोव्हेंबर १९५६ ला आपला बेळगाव भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला ते, सीमालढ्याचे हुतात्मे, सीमावादावरचा महाजन अहवाल, मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाचं घटनेतलं कलम ३५० अ, सगळं आलंय. गावातल्या मराठी शाळेत पोर का घालायचं, तेवढंच राहिलंय.

तू विचारतेस, इतिहासानं सुरुवात करू की शाळेच्या घसरलेल्या पटानं. अगं, आधी सांग की, बोलणार कोणाशी आहेस? पहिल्या रांगेतले फेटेवाले कधीचेच आपले आहेत. तू नुसती घोषणा दिलीस तरी ते टाळ्या पिटतील. (त्यातल्या कितीजणांची नातवंडं पिवळ्या व्हॅननं इंग्रजी शाळेत जातात, ते मोजून बघ एकदा.) ज्याचं अजून ठरलेलं नाही, त्याच्याशी बोल. मागे, दाराजवळ, मांडीवर धाकटं घेऊन बसलेली बाई असते. मोठ्याला कुठं घालावं, हे तिचं ठरलेलं नाही. भाषण तिचं आहे.

तिला १९५६ नको आहे. ती म्हणते, "मराठीत शिकून पुढं काय? इथं कन्नड लागतंय, कॉलेजला इंग्रजी." हे तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत आधी तू बोल, तेही पहिल्या मिनिटात. तिला कळू दे की तू तिचं ऐकलंयस. मग सांग, याच शाळेत कन्नडही शिकवतात, इंग्रजीही. घरच्या भाषेत वाचायला लागलेलं पोर बाकीच्या भाषांना घाबरत नाही, हेही सांग. त्या शाळेतून गेलेली, आज बेळगावात नोकरी करणारी एखादी मुलगी सभेला बोलव, उभी कर. कलमापेक्षा तिचा उपयोग जास्त.

इतिहास हवाच असेल तर हा घे. १ मे १९१६ ला टिळक बेळगावात होमरूलवर, म्हणजे स्वराज्यावर बोलले. मंडालेच्या तुरुंगातून सुटून दोन वर्षंही झाली नव्हती. इंग्रजांना शिव्या घालून सभा जिंकणं अवघड नव्हतं. पण त्यांनी बादशहाला हात लावला नाही. राजा राहू दे, मधला नोकरशाहीचा कारभार बदला, असं मांडलं. राजद्रोहाच्या नावानं कचरणाऱ्यालाही त्यावर मान हलवता येत होती. सरकारनं ते भाषण आणि नगरची दोन धरून २०,००० रुपयांचा जातमुचलका, म्हणजे चांगल्या वर्तणुकीची लेखी हमी मागितली, आणि नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टानं तो हुकूम रद्द केला. ज्याचं ठरलेलं नाही, त्याच्याशी बोल, म्हणतो ते यासाठी.

माझ्याबद्दल तू ऐकलं असशीलच. संध्याकाळच्या बससाठी बैठक होती आणि मी कन्नडमध्ये बोललो. आपल्याच माणसांनी फितूर म्हटलं, काहीजण अजून लग्नात तोंड फिरवतात. पण बस सोडायची की नाही हे डेपोच्या साहेबांच्या हातात होतं, आणि साहेबांना मराठी येत नव्हतं. मग काय, टाळ्यांसाठी मराठीत ओरडून पोरींना अंधारात चालत घरी पाठवू? बस पुढं सुरू झाली. ती माझ्या बोलण्यामुळं नव्हे, असं म्हणणारे आहेतच. म्हणू देत. वाईट एवढंच वाटतं की त्यानंतर मला कुणी माईक दिला नाही, आणि मीही मागितला नाही.

असो. सात पानं म्हणजे पंधरा मिनिटं तरी. सत्कार, शाल, नारळ उरकून तुझा नंबर लागेपर्यंत रात्रीचे साडेनऊ होतील. तुला पाच मिनिटं मिळतील, म्हणजे पाच-साडेपाचशे शब्द. व्यासपीठावरच्यांची नावं वाचू नकोस, 'सन्माननीय' म्हण आणि सुट. शेवटी मागणं एकच ठेव: मेअखेरीस शाळा उघडायच्या आत नाव घालायला या, मी स्वतः दारात थांबते. देणगी, मोर्चा, सह्या यातलं काहीही त्यात मिसळू नकोस.

आरशासमोर पाठ करू नकोस. आई भाकरी थापत असताना तिच्यापुढं बोल, आणि मग विचार, मी काय मागितलं. तिला सांगता आलं नाही तर पुन्हा लिही. रागावू नकोस तिच्यावर, तिचं काही चुकत नाही.

नवा मसुदा रविवारपर्यंत दे. दोन पानांच्या वर गेला तर वाचणार नाही. आणि शाळेतल्या कन्नडच्या बाई सभेला येणार आहेत का, तेवढं विचारून कळव.

तुझा,
सर