खांद्याचं ऑपरेशन आणि सोसायटीचा स्विमिंग पूल

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी ५६ वर्षांची, नाशिकला राहते. उजव्या खांद्याचं रोटेटर कफचं, म्हणजे खांदा धरून ठेवणाऱ्या स्नायूंचं, दुर्बिणीतून ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले, गळ्यातला पट्टा आत्ता काढलाय. फिजिओ मॅडम म्हणतात पाण्यात व्यायाम सुरू करू, पण आमच्या सोसायटीत पूल आहे म्हणून मिस्टर म्हणतायत रोज पोहायलाच जा, हात आपोआप मोकळा होईल. मला तर पोहताही येत नाही. काय करू?

उत्तर: ताई, मॅडमचं ऐका आणि मिस्टरांना म्हणावं तुम्हीच पोहा. शिवलेलं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडाला नीट धरायला साधारण बारा आठवडे तरी लागतात आणि पोहताना हात डोक्यावरून जोरात मारावा लागतो, म्हणजे सगळा ताण नेमका त्या टाक्यांवर. पाण्यातल्या व्यायामाला पोहता यायची गरजच नाही, पाय तळाला टेकलेलेच असतात. विहिरीतून बादली ओढताना पाण्यात असेपर्यंत कशी हलकी लागते, तसाच हात तरंगतो आणि खांद्याला तो उचलावा लागत नाही. फक्त खांदा पाण्याखाली हवा हं, बरेच जण छातीएवढ्या पाण्यात उभे राहतात आणि मग म्हणतात फरक पडत नाही. पाणी कमी असेल तर गुडघे थोडे वाकवा.

आणि सावकाश! अमेरिकेत २००० साली एक अभ्यास छापून आला होता, धडधाकट लोकांवर केलेला, त्यात सेकंदाला ३० अंश या वेगानं हात उचलला तर पाण्यात खांद्याचे स्नायू जमिनीपेक्षा खूपच कमी काम करत होते, पण ९० अंशांचा वेग केला की तो फायदा गेलाच, कारण वेग वाढला की पाणी अडवतं. म्हणजे हात खांद्याएवढा वर न्यायला निदान तीन सेकंद, मनात मोजा. कोपर वाकवून सुरुवात करा. हात तरंगत आपोआप वर जातो म्हणून तुमच्या सर्जननी ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ देऊ नका, पाण्यात दुखत नाही म्हणून हमखास इथेच चूक होते.

जखमा पूर्ण भरलेल्या हव्यात, खपली किंवा ओल असेल तर पाण्यात उतरायचं नाही. थेरपीच्या पूलमध्ये पाणी ३३ ते ३५ अंश कोमट ठेवतात, तुमच्या सोसायटीचं नाशिकच्या थंडीत कसलं तेवढं असणार, आणि गारठ्यानं खांदा आखडतो, त्यामुळे पहिले काही दिवस मॅडमबरोबर कोमट पाण्यातच करा. रात्री ठणका वाढला तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. आणि पायऱ्या उतरताना डाव्या हातानं कठडा धरा, मला व्यायामापेक्षा त्या ओल्या फरशीचीच जास्त धास्ती वाटते.