दाखल्यावरचा रिकामा चौकोन

प्रश्न : माझा मुलगा (वय 31) तीन वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका साठेक माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी लोकांना तिथे राहून नोकरी करायचा परवाना) नोकरीला आहे. नोव्हेंबरात ऑफिसहून सायकलने घरी येताना ओल्या पाचोळ्यावरून घसरला. नडगीचं हाड मोडलं, आत रॉड घातलाय, दोन महिने झाले तरी कुबड्यांवर आहे. नऊ दिवसांपूर्वी नोकरी संपल्याचं कंपनीने ईमेलने कळवलं. सोबत परस्पर संमतीचा करार आहे. सही केली तर दोन पगार देऊ म्हणतात. इथे पुण्यात त्याचा वैयक्तिक अपघात विमा आहे, त्यात परदेशातला अपघातही धरलाय. पण 'उशिरा कळवलं' म्हणून दावा नाकारला. एजंट म्हणतो, फेरअर्जावर मुलाची सही तुम्हीच ठोकून द्या. आता त्याला सरळ घरी घेऊन यावं का?
– एक आई, कर्वेनगर

उत्तर : ताई, पोरगं परक्या देशात एकटं, पायात रॉड, त्यात नोकरीचं हे असं. तुमचा जीव थाऱ्यावर नसणार. तुम्ही पाठवलेले सगळे कागद मी दोनदा वाचले. आज रात्री नऊला फोन केलात तर तिथे दुपारचे साडेचार झालेले असतील. तेव्हा त्याला आधी एवढंच सांगा, की त्या करारावर सही करू नकोस.

जर्मन दिवाणी संहितेच्या कलम 623 नुसार नोकरीवरून काढायचं तर कागदावर, हाताने सही केलेलं पत्र द्यावं लागतं. ईमेलने नोकरी जात नाही. म्हणजे तिथल्या कायद्याने तुमचा मुलगा आजही नोकरीत आहे. सहीची घाई कंपनीला त्यामुळेच झालेली असावी, असं मला वाटतं. करारावर त्याने हाताने सही केली की नोकरी खरोखरच संपते. शिवाय त्याने ती आपणहून सोडली असं धरून बेरोजगारी भत्ता बारा आठवडे रोखला जाऊ शकतो. दोन पगार या मानाने फारच थोडे आहेत.

उद्या रीतसर पत्र आलंच, तर ते हातात पडल्यापासून तीन आठवड्यांच्या आत कामगार न्यायालयात जावं लागतं. आजारपणात नोकरीवरून काढताच येत नाही, असं पुष्कळ जण समजतात. ते खरं नाही. पण दहापेक्षा जास्त माणसांची कंपनी आणि सहा महिन्यांहून जास्त नोकरी असेल, तर काढायला कायद्याला पटेल असं कारण लागतं. पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नाही, न्यायालयाच्या कचेरीत तक्रार तोंडी सांगून लिहून घेता येते. तरीही त्याने तिथला कामगार कायद्याचा वकील गाठावा. मी पुण्यात वकिली करते, तिथल्या न्यायालयात मला उभं राहता येत नाही.

आता तुम्ही विचारलेलं नाही ते सांगते. तो कामाला जाऊ शकत नाही, अशा डॉक्टरांच्या तिन्ही दाखल्यांवर वरच्या बाजूला छोटे चौकोन आहेत. 'पहिला दाखला', 'पुढचा दाखला' यांवर खूण आहे. त्यांच्याजवळच 'कामावरचा अपघात' असा चौकोन आहे, तो तिन्ही ठिकाणी रिकामा आहे. इस्पितळात त्याने 'सायकलवरून पडलो' इतकंच सांगितलेलं दिसतंय. पण तो ऑफिसहून घरी येत होता! जर्मनीत घर ते ऑफिस या नेहमीच्या वाटेवरचा अपघात हा कामावरचाच अपघात मानतात. त्याचा विमा वेगळा असतो आणि त्याचे हप्ते एकटी कंपनी भरते. फरक लहान नाही. पहिले सहा आठवडे पगार मिळतो. त्यानंतर साध्या आजारपणात कपातीआधीच्या ढोबळ पगाराच्या 70 टक्के मिळतात, इथे 80 टक्के, हातात पडणाऱ्या पगाराच्या मर्यादेत. फिजिओथेरपीला पदरचे पैसे घालावे लागत नाहीत. आणि 26 आठवड्यांनंतरही कमावण्याची क्षमता 20 टक्के किंवा जास्त घटलेली राहिली, तर पेन्शनचा हक्क तयार होतो. नडगी मोडलेल्या माणसाचा गुडघा-घोटा पहिल्यासारखा होईलच असं कुणी सांगू शकत नाही, म्हणून हा हक्क आत्ताच नोंदवून ठेवायला हवा.

अपघाताची खबर खरं तर कंपनीनेच द्यायची असते. तिने दिली नसेल तर तो स्वतः त्या विमा संस्थेला लिहू शकतो. किती वाजता निघाला, कोणत्या रस्त्याने, कुठे पडला, हे नकाशावर रेघ मारून लिहावं. ॲम्ब्युलन्सची वेळ आणि त्या संध्याकाळचे फोनवरचे मेसेज जोडावेत. वाटेत किराणा घ्यायला वळला असेल तर तेही लपवू नये. वाकडी वाट केली तेवढा वेळ संरक्षण नसतं, पण दोन तासांच्या आत नेहमीच्या वाटेवर परतला असेल तर ते पुन्हा सुरू होतं.

दाखल्यांत खंड पडू देऊ नका. एकाची मुदत संपली की फार तर पुढच्या कामाच्या दिवशी दुसरा हवा. नोकरी जाणार असं कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कचेरीत नाव नोंदवायचं होतं, ते राहिलं असेल तर आजच नोंदवावं. उशिराचा दंड म्हणून आठवड्याचा भत्ता कापतील, तेवढा सोसावा. परदेशी नागरिकांच्या कचेरीला दोन आठवड्यांत कळवायचं असतं, म्हणजे पाच दिवस उरले आहेत. 'मला काढल्याचं कंपनी म्हणते, मला ते मान्य नाही' अशा शब्दांत कळवावं.

पुण्यातल्या पॉलिसीचं सांगते. खऱ्या दाव्यात निव्वळ उशिराच्या कारणावरून नकार देऊ नका, असं विमा नियामकाने 2011 सालीच परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलंय. इस्पितळात पडून होता, हे उशिराचं सबळ कारण आहे. आधी कंपनीकडे लेखी फेरविचार मागा. महिन्यात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. त्यांचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील चालत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होते. अंतिम नकारापासून वर्षभराची मुदत असते. त्यामुळे त्याची सही तुम्ही करण्याची गरजच नाही, आणि कृपा करून करूही नका. बनावट सहीपायी खरा दावाही बुडतो, गुन्हा दाखल होण्याची वेळ येते ती वेगळीच.

राहिलं त्याला घरी आणण्याचं. आत्ता नको. आजारपणाचे पैसे सुरू असताना आरोग्य विमा संस्थेच्या संमतीशिवाय तो देश सोडून आला, तर ते थांबतात. त्यापेक्षा तुम्हीच व्हिसा काढून महिनाभर त्याच्याकडे जा. जाताना पॉलिसीची मूळ प्रत आणि नकाराचं पत्र बरोबर घ्या, आणि लोकपालाकडची तक्रार त्याच्या शेजारी बसून त्याच्याच हाताने भरून घ्या.