लीड १ वर, एव्हीएफ खाली: लेफ्ट ॲक्सिस म्हणायचा का?

ईसीजीच्या लीड १ मध्ये (लीड म्हणजे हृदयातल्या विजेची एका ठरावीक कोनातून घेतलेली नोंद) क्यूआरएस, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांची मोठी लाट, निव्वळ +६ मिमी आणि एव्हीएफ या लीडमध्ये −४ मिमी, तर रिपोर्टात लेफ्ट ॲक्सिस (विजेची सरासरी दिशा जास्त डावीकडे) लिहायचा का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यावरून लिहू नका. या दोन लीडवरून ॲक्सिस ० ते −९० अंशांत आहे इतकंच कळतं, आणि प्रौढांत −३० पर्यंत नॉर्मलच धरतात. निकाल लीड २ देते. ती +६० अंशांवर आहे, म्हणजे तिला काटकोनातली रेषा नेमकी −३० वरून जाते. लीड २ चा क्यूआरएस निव्वळ वर असेल तर नॉर्मल, निव्वळ खाली असेल तर खरा लेफ्ट.

निव्वळ म्हणजे आरची (वर जाणारं टोक) उंची वजा क्यू आणि एस (आरच्या आधीचं आणि नंतरचं खाली जाणारं टोक) यांची खोली. उंच आर दिसला की एस मोजायचा राहून जातो, बहुतेकांचं इथेच चुकतं. खरं तर क्षेत्रफळ मोजायला हवं. अरुंद क्यूआरएसला उंचीवर भागतं, रुंद असेल तर आकड्यावर फार विसंबू नका.

लीड २ चं माप पडताळताही येतं: एव्हीएफमध्ये लीड १ चं निम्मं मिळवा. तुमच्याकडे −४ + ३ = −१. कागदावर याहून बरंच वेगळं आलं, तर मोजणी चुकली किंवा तुम्ही वेगवेगळे ठोके मोजलेत. श्वासाबरोबर क्यूआरएसची उंची बदलते, म्हणून जमेल तिथे एकाच वेळी नोंदलेला ठोका घ्या.

आता कोन. वर-खाली जवळपास सारखी असलेली लीड शोधा. ॲक्सिस तिच्या काटकोनातल्या लीडच्या रेषेवर असतो. जोड्या पाठच करा: १ आणि एव्हीएफ, २ आणि एव्हीएल, ३ आणि एव्हीआर. तुमची लीड २ जवळजवळ समतोल आहे आणि एव्हीएल वर आहे, म्हणून −३० च्या आसपास. लीड २ किंचित खाली, म्हणून थोडा पलीकडे. लीड १ आडवी आणि एव्हीएफ उभी धरून आलेखावर काढायचं तर एव्हीएफला १.१५ ने गुणा. उत्तर साधारण −३७ येईल.

म्हणजे लेफ्ट ॲक्सिस आहे, पण सौम्य. लेफ्ट अँटेरियर फॅसिक्युलर ब्लॉक (वीज नेणाऱ्या डाव्या फांदीच्या पुढच्या भागातला अडथळा) लिहायची घाई नको. त्याला −४५ ते −९० लागतो, शिवाय एव्हीएलमध्ये छोटा क्यू आणि मोठा आर. २, ३ आणि एव्हीएफ मात्र नीट बघा. तिथे सुरुवातीला छोटा आर न येता थेट क्यू असेल, तर जुन्या इन्फिरियर इन्फार्क्टचा (हृदयाच्या खालच्या भिंतीला आलेल्या झटक्याचा) विचार करा. नवजात बाळांना हे आकडे लावू नका, त्यांचा ॲक्सिस उजवीकडेच असतो.

कधी लीड १ मध्ये पी (क्यूआरएसच्या आधीची लाट), क्यूआरएस, टी (नंतरची लाट) सगळंच उलटं आणि एव्हीआर सरळ दिसली, तर ॲक्सिस काढत बसू नका. व्ही१ ते व्ही६ या छातीवरच्या लीडमध्ये आर नेहमीसारखा वाढत असेल तर हातांच्या केबल उलट लागल्यात, बदलून पुन्हा ईसीजी काढा. आर उलट लहान होत गेला तर डेक्स्ट्रोकार्डिया (हृदय छातीत उजवीकडे असणं) असू शकतो. मग छातीचे इलेक्ट्रोड उजव्या बाजूला लावून बघा.