लाल फुल्यांची वही

"आज्ञा मोडली की देव आपल्याला टाकून देतो का?" नागपुरातील ख्रिस्ती कुटुंबांतून समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून त्यांतील एका परिचारिकेचा अनुभव येथे नोंदवते.

मे महिन्यातील दुपारी, कूलरसमोर बसूनही घाम पुसत, त्यांनी पर्समधून एक वही काढली. रविवारी ड्यूटी लागून उपासना चुकली की त्या तारखेवर लाल फुली, अशा चार महिन्यांत अकरा फुल्या झाल्या होत्या आणि मुलाला झालेली कावीळ ही त्यांचीच वसुली आहे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. रात्रीची झोप उडाली होती. त्यासाठी मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले, कारण जागरणाने थकलेल्या माणसाला कोणतेही वचन धमकीसारखेच ऐकू येते.

पुढच्या भेटीत त्यांना निर्गम 20 (बायबलच्या 'निर्गम' पुस्तकातील दहा आज्ञांचा अध्याय) वाचायला सांगितले, तर त्यांनी थेट तिसऱ्या वचनापासून सुरुवात केली. लहानपणी वडिलांनी छडी हातात घेऊन तेथूनच पाठ करून घेतले होते. मी त्यांचे बोट दुसऱ्या वचनावर ठेवले. यहुदी परंपरा दहा आज्ञांना 'दहा वचने' म्हणते आणि त्यांतील पहिले म्हणून हेच मोजते, आणि त्यात 'कर' किंवा 'करू नको' असे काहीच नाही; मिसरच्या (इजिप्तच्या) दास्यातून तुला मी बाहेर आणले, एवढीच आठवण आहे. आज्ञा ज्यांच्या हाती आल्या, त्यांची सुटका आधीच झालेली होती.

मग बायबलच्याच 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातील विसाव्याच्या पवित्र दिवसाची, आज्ञा काढली. दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला उपरा, सर्वांना विसावा मिळावा. कारण तूही मिसरात दास होतास. त्या थबकल्या.

"ताई, बैलालासुद्धा सुट्टी?"

"तुमची शेवटची सुट्टी कधी झाली?"

त्यांनी बोटांवर मोजले. सलग एकोणीस दिवस! जी आज्ञा त्या आरोपपत्र म्हणून पर्समध्ये बाळगत होत्या, ती खरे तर त्यांच्याच विसाव्याची बाजू घेत होती.

तरी मूळ प्रश्न उरलाच होता. त्यासाठी निर्गम 34 वाचला: लोकांनी सोन्याचे वासरू करून पुजल्यावर मोशेने फोडलेल्या, आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्यांच्या जागी देव दुसऱ्या पाट्या घडवायला सांगतो, आणि त्याच प्रसंगी स्वतःला दयाळू, मंदक्रोध, लोकांशी केलेल्या करारातील प्रेमाला जागणारा म्हणवतो. त्यासाठीचा हिब्रू शब्द 'हेसेद', म्हणजे नाते न सोडणारे प्रेम. सातव्या वचनातील शिक्षेकडे त्यांनी लगेच बोट दाखवले (परिचारिकेची नजर!). मी ते झाकले नाही. मात्र शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत आणि प्रेम हजारोंपर्यंत, हे माप त्यांनीच मोठ्याने वाचले आणि मग बराच वेळ त्या गप्प राहिल्या.

आता त्यांनी वॉर्डात सांगून गुरुवारची सुट्टी मागून घेतली आहे. गुरुवारचा विसावा शब्बाथात धरला जाईल का, हे मात्र त्या पाळकांना विचारणार आहेत. तो निर्णय माझ्या खुर्चीतून देण्याचा नव्हे, असे मी त्यांना सांगितले.