नवरा-बायकोने मिळून स्वतःच्या पैशांनी पॉप-जॅझ अल्बम काढावा का, आणि जॉनर काय लिहायचा?

काढा. नक्की काढा. तुम्ही गिटार वाजवता, बायको गाते, लेबल नको, पॉप आणि जॅझ मिसळून अल्बम करायचाय, तर जॉनर काय लिहायचा, खर्च कुठे करायचा आणि घरात भांडणं होतील का, असं तुम्ही विचारलंय. इथपर्यंत ठीक. पण शेवटी तुम्ही एक वाक्य टाकलंय की "तिचं गाऊन झालं की मिक्सिंगला मी एकटाच बसेन, म्हणजे लवकर उरकेल." ते वाचलं म्हणून मी लिहायला बसलेय, बाकीची उत्तरं तुम्हाला कोणीही दिली असती.

आधी जॉनरचं उरकते. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे तुमची गाणी स्ट्रीमिंगवर चढवून देणाऱ्या कंपनीच्या, फॉर्मवर मुख्य आणि दुय्यम असे दोन रकाने असतात, मुख्यमध्ये पॉप, दुय्यममध्ये जॅझ लिहा आणि पुढे जा. गाण्यात ब्रशने वाजवलेले ड्रम्स आणि सॅक्सचा सोलो आहे म्हणून जॅझ मुख्य लिहावंसं वाटतं, पण धृवपद लोकांच्या तोंडात बसावं म्हणूनच बांधलं असेल तर ते पॉप आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. रिलीजची तारीख लांबची टाका. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायला ते किमान ७ दिवस आधी चढलेलं लागतं आणि एका वेळी एकच गाणं पाठवता येतं, तेव्हा कुठलं पाठवायचं हे दोघांनी मिळून ठरवा. पैशांची आशा स्ट्रीमिंगवर ठेवू नका. २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा वाजलं नसेल तर त्या गाण्याचे स्पॉटिफायवर पैसेच धरत नाहीत.

आणि "आपल्याकडे हे मिश्रण चालत नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका, निदान गोव्यात बसून तरी नाही. नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस सॅक्सोफोनवर राग घेऊन जॅझ वाजवायचे, त्यांची बायको इवॉन गायिका, आणि ती मुलगी कोणाची तर चिक चॉकलेटची. म्हणजे ट्रंपेटवाला सासरा, सॅक्सवाला जावई आणि गाणारी मुलगी, हे आपल्याच मातीतलं घर. बाहेरचं बघायचं तर लेस पॉल आणि मेरी फोर्ड, नवरा-बायको, घरात मशीन लावून एकावर एक ट्रॅक चढवायचे, आणि १९५१ मध्ये त्यांचं एक गाणं अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या नंबरवर होतं. मूळ गाणं ब्रॉडवेच्या रंगमंचावरचं, जॅझवाल्यांनी आपलंसं केलेलं, आणि वाजलं पॉप म्हणून. टक अँड पॅटी या नवरा-बायकोचं तर एक गिटार आणि एक आवाज, बाकी काही नाही. तुम्हा दोघांना सगळ्यात जवळचं तेच पडेल, ते ऐका.

आता माझं.

माझं माहेर फोंड्याकडचं. भजनी सप्ताह, नाट्यगीतं, चतुर्थीला घुमट आरती, गाणं म्हणजे आमच्याकडे हेच. नवरा मडगावचा, शेजारच्या एका वयस्क व्हायोलिनवाल्यांकडे नोटेशन शिकला, नंतर सीझनमध्ये हॉटेलात गिटार वाजवायचा. लग्नानंतर दोघांनी मिळून गाणी करायला घेतली, काही मराठी, दोन कोंकणी. चाली बहुतेक माझ्या, कॉर्ड्स आणि अरेंजमेंट त्याची. आवाज घरीच रेकॉर्ड केला, मे महिन्यात फॅन बंद करून, भिंतीला गाद्या टेकवून, आणि पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की टेक थांबवायचा. पावसाळ्यात कौलांखाली आवाज रेकॉर्ड होत नाही, माइक कितीही महागाचा असू द्या, तेव्हा तुम्हीही जूनच्या आधी गाऊन घ्या.

त्यातलं एक गाणं जोग रागात होतं. जोगात दोन्ही गंधार, वर जाताना शुद्ध आणि खाली येताना कोमल, हे तुमच्या बायकोला माहीत असेल. पट्टी पांढरी सहा, म्हणजे सा इंग्रजी ए वर. नवऱ्याने त्या ओळीखाली ए सेव्हन शार्प नाइन ही कॉर्ड टाकली. आता ती पेटीच्या पट्ट्यांवर मांडून बघा. सा, शुद्ध गंधार, पंचम, कोमल निषाद, आणि वरती कोमल गंधार. मध्यम सोडला तर आख्खा जोग त्या एका कॉर्डमध्ये बसलाय! त्याने तो राग म्हणून शोधला नव्हता, ब्लूज वाजवताना बोटांत बसलेली कॉर्ड होती, आणि मी ब्लूज म्हणून गायले नव्हते, मी गुरुजींनी शिकवल्यासारखी मध्यमावरून कोमल गंधारावर मींड घेऊन, म्हणजे स्वर न तोडता घसरत, षड्जावर आले होते. ती ओळ त्याच्या कॉर्डवर पहिल्यांदा गायले त्या रात्री आम्ही दोघं जेवायचं विसरलो. मिश्रण मिश्रण म्हणतात ते मला तिथे कळलं, तबला आणि ड्रम्स एकत्र वाजवले की ते होत नाही.

मिक्सिंगला पर्वरीच्या बाजूला एका स्टुडिओत गेलो, नाव लिहित नाही. इंजिनियर कामात चांगला, हात भराभर चालायचा. गाणं लावलं, ती ओळ आली आणि माझी मींड गायब. मध्यम, मग कोमल गंधार, मग सा, एकेक करून, जिना उतरल्यासारखं. मी विचारलं काय केलं, तर म्हणाला मॅडम, तिथे थोडं फ्लॅट होतं, सरळ केलं. स्क्रीनवर त्याने दाखवलंही, माझ्या आवाजाची लांब वाकडी रेघ होती तिचे तुकडे करून एकेक तुकडा पट्टीच्या मधोमध ओढून बसवला होता. त्या सॉफ्टवेअरला बाराच खाने माहीत. जोगातला कोमल गंधार एका जागी उभा राहत नाही, तो हलत हलत येतो आणि सा गाठतो, त्यालाच त्याने चूक धरलं. मी म्हटलं, मूळचं लावा. तो नवऱ्याकडे बघायला लागला. आणि नवरा म्हणाला, "आता क्लीन वाटतंय, राहू दे ना."

मला राग इंजिनियरचा आला नाही. तो दिवसभर लोकांचे बेसूर आवाज सरळ करून देतो, त्याच्या कानाला ती सवय. पण ज्याने त्या कॉर्डपायी माझ्याबरोबर जेवण सोडलं होतं त्याला ती मींड काय आहे हे पक्कं माहीत होतं, आणि तरी तो गप्प बसला. मी तिथेच सांगितलं की हे गाणं असं जाणार नाही, आणि उठले.

घरी येताना गाडीत विचारलं तेव्हा त्याने खरं ते सांगितलं. म्हणाला, तू बायको आहेस म्हणून मी तुझी बाजू घेतोय असं इंजिनियरला वाटलं असतं. म्हणजे दुसरी कोणी गायिका असती तर हा तिच्यासाठी भांडला असता! हे मी नंतर इतर जोडप्यांतही बघितलंय, वाजवणाऱ्या आणि नाटक करणाऱ्यांतही. तिसरा माणूस खोलीत आला की नवरा बायकोशी जास्त कडक वागतो, लोक काय म्हणतील म्हणून, आणि बायकाही कधीकधी नवऱ्याचं चांगलं काम उघडपणे चांगलं म्हणत नाहीत. तुम्हाला भांडणांची भीती आहे ना, तर भांडणं तालमीत होत नाहीत. तालमीत मजा असते. ती या गप्प बसण्यातून होतात.

पुढे सॅक्सचा सोलो घ्यायचा होता. मडगावचे एक जुने वादक, हॉटेलांत आणि लग्नांत आयुष्य गेलेलं, जॅझ पाठ. त्यांना हेडफोनवर आधी सरळ केलेलं लावलं. त्यांनी बरं वाजवलं, पण लिहून दिल्यासारखं. मग मी म्हटलं मूळचा आवाज लावा, तो त्यांनी एकदा नीट ऐकला आणि दुसऱ्या वेळी माझी ओळ संपल्या संपल्या ओठ सैल करून तोच स्वर तसाच वाकवत खाली आणला. जॅझवाल्यांकडे दोन पट्ट्यांच्या मधल्या त्या स्वराला ब्लू नोट म्हणतात, तिथे कोणी त्याला सरळ करायला जात नाही. इंजिनियरने काही न बोलता मूळचा ट्रॅक परत घातला. रिलीजमध्ये तोच आहे.

नवऱ्याचं अजूनही म्हणणं आहे की तो घरी आल्यावर शांतपणे सांगणारच होता. मी म्हणते घरी सांगून काय उपयोग, मिक्स स्टुडिओत होतो. त्याला हे उत्तर वाचायला देणार आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, रेकॉर्डिंगच्या आधी दोघांनी बसून ठरवा की कशावर कोणाचा शब्द शेवटचा. आवाजावर आणि चालीवर तिचा, कॉर्ड्सवर आणि गिटारवर तुमचा, आणि तिसऱ्या माणसासमोर तो शब्द दुसऱ्याने मोडायचा नाही. मिक्सिंगला ती बसलीच पाहिजे. गाऊन झालं म्हणजे तिचं काम झालं असं नसतं, गायलेलं टिकलं की नाही हे बघणं अर्धं काम आहे. दोन दिवस जास्त लागले तर लागू देत. खर्चाचं म्हणाल तर पैसा खरा माणूस ड्रम्सवर बसवण्यात आणि मिक्सिंगला जास्त तास घेण्यात घाला, कव्हर फोटो मित्राकडून काढून घ्या. स्टुडिओवाल्याला बुकिंगच्या वेळीच सांगा की आवाजाला पिच करेक्शन, म्हणजे ते सूर सरळ करणं, विचारल्याशिवाय लावायचं नाही, आणि सगळे मूळ ट्रॅक हार्ड डिस्कवर घरी आणा. आमच्याकडे होते म्हणून मला दुसऱ्यांदा गावं लागलं नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं, करेक्शन वाईटच असतं असं नाही. मध्ये एक दमलेला टेक होता तिथे मीच दोन जागा नीट करून घेतल्या. चकचकीत पॉप आवाजच हवा असेल तर खुशाल लावा, तोही एक रंग आहे. आणि बायको रागदारी शिकलेली नसेल, सरळ इंग्रजी पद्धतीने गाणारी असेल, तर गंधाराचं एवढं रामायण तुमच्याकडे होणारही नाही. एकत्र काम न करता सुखात राहणारी जोडपीही मला माहीत आहेत, सगळ्यांनी करावंच असं माझं म्हणणं नाही.

पण नावांचं बघाच. दोघांची नावं मुख्य कलाकार म्हणून टाका नाहीतर जोडीचं एकच नाव घ्या. तुमचं नाव आणि पुढे "फीट." लावून बायकोचं, हे करू नका, ती स्वतःच्याच अल्बमवर पाहुणी नाही. आणि चाल तिने बांधली असेल तर कंपोझरच्या रकान्यात तिचं नाव आलंच पाहिजे, तुमच्या कॉर्ड्सनी गाण्याचं रूप बदललं असेल तर तुमचंही, टक्के दोघांनी ठरवून एका कागदावर सह्या करा. नुसतं "गायिका" लिहिलं तर संगीतकाराची रॉयल्टी तिच्याकडे येत नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाला लिहूनही देता येत नाही, एवढा तो पक्का केलाय, पण संगीतकार म्हणून कागदावर नावच नसेल तर मागणार कशाच्या जोरावर? आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं, सदस्यत्व दोघांनी वेगवेगळं घ्या. नवऱ्याचं आहे म्हणजे घरात आलं, असं आम्हालाही एकाने सांगितलं होतं, मी माझा फॉर्म वेगळा भरला.